अंतर दोन्ही बाजूंनी

ऑटिझमच्या इतिहासात सर्वांत मोठा बदल कोणता, असं मला विचारलं तर मी औषधाचं किंवा उपचाराचं नाव घेणार नाही. बदलला तो बोलणारा माणूस. आधी डॉक्टर बोलले, मग आईवडील बोलले आणि ज्यांच्याविषयी ही सगळी चर्चा चालली होती, ती ऑटिस्टिक माणसं सगळ्यांत शेवटी बोलली. त्यांचं ऐकायला आपण आत्ता कुठे सुरुवात केली आहे.

1943 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहानशा गावचा. त्याच्या वडिलांनी कॅनरना तेहतीस पानी पत्र टाइप करून पाठवलं होतं. मुलगा कसा खातो, काय फिरवत बसतो, कोणते शब्द पुन्हापुन्हा म्हणतो, सगळं त्यात होतं. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून डोनाल्डला संस्थेत ठेवलं होतं आणि सुमारे वर्षभरानं आईवडिलांनी त्याला परत घरी आणलं. पुढे काही वर्षं तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो या शेतावरचा काळ.

डोनाल्डला मोजण्याचा नाद होता. त्या जोडप्यानं त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल गेली हे सांगायचं काम दिलं. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा, तर त्यांना पुरायला एक कोपरा देऊन टाकला. तिथे तो प्रत्येकासाठी पाटी लावायचा आणि पाटीवर त्या जिवाला आडनाव द्यायचा ते या शेतकऱ्याचंच. तो मक्याच्या ओळी सारख्या मोजत बसायचा. मग त्यांनी सांगितलं, नांगरता नांगरता मोज. कॅनर भेटायला आले तेव्हा या मुलानं त्यांच्यासमोर सहा लांब ओळी नांगरल्या आणि दर ओळीच्या टोकाला घोडा सफाईनं वळवला. त्या शेतकरी जोडप्यानं कुठलं शास्त्र वाचलेलं नव्हतं. मुलाचा नाद मोडून काढायचा असतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, एवढंच. पुढे डोनाल्डनं गावातल्याच बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, जगभर फिरला आणि 2023 साली तो वारला. अकरा मुलांचं पुढे काय झालं याचा शोध कॅनरनी 1971 मध्ये घेतला. जी मुलं सरकारी संस्थांमध्ये राहिली त्यांनी होतं तेही गमावल्याचं त्यांना आढळलं.

शेतकऱ्याला जे सहज उमगलं ते विद्वानांना उमगायला पन्नास वर्षं लागली. मधल्या काळात दोष आईच्या माथी मारला गेला. आईवडिलांच्या थंडपणाविषयी कॅनरनीच लिहून ठेवलं होतं. शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी ते टोकाला नेलं आणि 1967 च्या आपल्या पुस्तकात अशा मुलांच्या अवस्थेची तुलना छळछावण्यांतल्या कैद्यांशी केली. त्याआधीच, 1964 मध्ये, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञ बापानं ऑटिझमचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे असं साधार मांडलं होतं. 1969 मध्ये पालकांच्या सभेत कॅनरनीही आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. तरी आपल्याकडे आजही 'आई नोकरीला जाते ना', 'मोबाइल दिला असेल हातात' हे नातेवाईक चारचौघांत बोलून जातात आणि ती बाई रात्रभर तेच मनात घोळवत बसते. विज्ञानानं साठ वर्षांपूर्वी मोडीत काढलेला आरोप आपल्या दिवाणखान्यांत अजून जिवंत आहे, याचा मला संताप येतो.

मुलाची जडणघडणच अशी आहे, हे मान्य झालं. पण त्यातून लगेच 'मग ती दुरुस्त करू' हा विचार आला. लॉस एंजेलिसमध्ये इवार लोवास यांनी बक्षीस आणि शिक्षेवर आधारलेली पद्धत उभी केली. सुरुवातीच्या प्रयोगांत विजेचे झटकेसुद्धा होते. 1987 च्या त्यांच्या अभ्यासात आठवड्याला चाळीस तास शिकवलेल्या एकोणीस मुलांपैकी नऊ 'सामान्य' झाल्याचं म्हटलं होतं. मूल चारचौघांसारखं दिसू लागलं की यश, ही त्यामागची कसोटी. आपल्या थेरपी केंद्रांतही तीच कसोटी झिरपली. 'माझ्या डोळ्यांत बघ', 'हात खाली', 'शांत बस', आणि जमलं की बिस्कीट.

इथे ऑटिस्टिक प्रौढांनी सांगितलेलं ऐकावं लागतं. समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं म्हटलं की त्याचे शब्द कानात शिरत नाहीत, असं अनेक जण सांगतात. हात फडफडवणं, डोलणं हे त्यांचं स्वतःला सावरणं असतं. कुकरची शिट्टी, मिक्सर, नव्या शर्टाचं मानेला टोचणारं लेबल, मिरवणुकीतले ढोल हे सगळं एकाच वेळी अंगावर येत असताना तेवढाच एक आधार हाताशी असतो. तो काढून घेतला की मूल बाहेरून शहाणं दिसतं आणि आतून थकत जातं. आयुष्यभर असं सोंग निभावण्याचा संबंध नैराश्याशी आणि आत्महत्येच्या विचारांशी असल्याचं अलीकडच्या संशोधनात दिसलं आहे. या संवेदनांची नोंद मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी 1920 च्या दशकातच, कॅनरच्या कितीतरी आधी, केली होती. अमेरिकन निदानपुस्तिकेच्या निकषांत ती आली 2013 मध्ये.

वळण आलं 1993 मध्ये. टोरांटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्यानं पालकांना उद्देशून मांडणी केली. तिचा मथितार्थ असा : तुम्हाला हवं होतं ते मूल आलं नाही याचं दुःख तुम्हाला होणारच, पण ते दुःख आमच्यावर लादू नका. ऑटिझमच्या कवचाआड कुणी दुसरं, 'खरं' मूल कोंडलेलं नाही. आम्ही आहोत ते हेच.

याच दशकात इंटरनेटमुळे ऑटिस्टिक माणसं एकमेकांना भेटू लागली. समोरासमोर बोलण्याचा ताण नव्हता, उत्तराला हवा तेवढा वेळ होता. या गप्पांतून 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा विचार आकाराला आला. माणसांचे मेंदू मुळातच नाना तऱ्हांचे असतात आणि त्यातली एकच तऱ्हा बरोबर धरून बाकीच्यांना बिघाड म्हणणं चूक आहे, हे त्याचं सार. 1998 मध्ये सिडनीच्या ज्युडी सिंगर यांनी आपल्या प्रबंधात आणि हार्वी ब्लूम यांनी 'द अटलांटिक'मध्ये तो शब्द वापरला. बराच काळ श्रेय एकट्या सिंगर यांना मिळत होतं. 2024 मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिलं की ही कल्पना अनेकांनी मिळून घडवली होती. मला हे फार योग्य वाटतं.

मग 2012 मध्ये डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञानं मुळावरच बोट ठेवलं. ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही, असं आपण म्हणतो. पण आपल्याला त्याचं मन कळतं का? अंतर दोन्ही बाजूंनी आहे आणि दोष मात्र एकाच बाजूच्या नावावर लिहिला जातो. 2020 मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला गोष्ट सांगत जायचं, अशा साखळ्या केल्या. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत पोचली, जितकी ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र ती जास्त गळत गेली.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो बहुधा थकलेल्या आईवडिलांकडून येतो. 'आमचा मुलगा पंचविशीचा आहे, बोलत नाही, डोकं भिंतीवर आपटतो. त्याला वैविध्य म्हणून आम्ही काय करायचं?' हा प्रश्न टाळण्याचा हक्क कुणालाच नाही. माझ्या समजुतीप्रमाणे न्यूरोडायव्हर्सिटीचा विचार त्या मुलाला सोडून देत नाही. फिट्स असतील तर औषध हवंच, झोप लागत नसेल तर त्यावर इलाज हवाच. डोकं आपटणाऱ्याची दाढ दुखत नाही ना, पोट बिघडलेलं नाही ना, हे आधी पाहायला हवं. हट्टीपणाचा शिक्का बसला की हे पाहायचं राहूनच जातं. ज्याला तोंडानं बोलता येत नाही त्याला चित्रांतून, टॅबवरून बोलता येतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे अ‍ॅप त्याचसाठी आहे. 'यानं बोलण्याची सवय मोडेल' म्हणून ते लांब ठेवणारे पालक आणि शिक्षक अजून भेटतात. ही भीती सोडून द्यायला हवी, कारण त्या मुलाला 'नको' म्हणता येणं आधी महत्त्वाचं आहे.

आपल्या कायद्यात हा विचार पोचलाही आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचा समावेश झाला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाची व्याख्या करताना माणसातल्या उणिवेबरोबर त्याच्या वाटेतल्या अडथळ्यांनाही धरलं. म्हणजे अंतर दोन्ही बाजूंनी आहे, हे संसदेनं मान्य केलेलं आहे. प्रमाणपत्राच्या वेळी मात्र वापरली जाते ती चाळीस मुद्द्यांची मोजपट्टी. नजर देतो का, एकटा राहतो का, तेच ते बोलतो का : चाळीसही मुद्दे मुलाविषयी. सवलती हव्या असतील तर ही मोजणी करावीच लागते. तशीच एक मोजपट्टी शाळेसाठी हवी. वर्गात गोंगाट वाढला तर मुलाला जाऊन बसायला शांत जागा आहे का? दिवसाचं वेळापत्रक त्याला चित्रांत किंवा लिहून मिळतं का? तोंडी उत्तर जमत नसेल तर टाइप करू देतात का? डबा खाताना तो वेगळा बसला तर कुणी त्याला ओढून गोलात आणतं का? याचे गुण शाळेला मिळाले पाहिजेत आणि कमी पडले तर सुधारायचं शाळेनं.