उतारशाळेचे दोन दीनार

दर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला निघताना आपण फारसा हिशेब करीत नाही. परंतु घरातला तरुण मुलगा महिनोन्‌महिने झोपत नाही, भरल्या ताटावरून उठून जातो आणि डॉक्टर त्याला दर आठवड्यास नगरला समुपदेशकाकडे आणावयास सांगतात, तेव्हा आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो : नुसत्या बोलण्याचे पैसे?

आम्हीही तो विचारला होता. मोडलेल्या हातासाठी कर्ज काढणारे आम्ही, मोडलेल्या मनासाठी एस.टी.चे भाडे आणि बुडणारी मजुरी मोजत बसलो. मुलगा पुढे सावरला. पण त्याने एकट्याने काढलेल्या त्या सहा महिन्यांची बोच आजही जात नाही.

या प्रश्नामागे केवळ कंजूषपणा असतो असे नाही. पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू फी घेत नाहीत. मग दुःख ऐकणाऱ्याने ती का घ्यावी? देवाची कृपा विकत मिळत नाही, हे संत पेत्राने शिमोन जादूगाराला सुनावलेच होते. परंतु नैराश्य हे पाप नव्हे, तो आजार आहे. समुपदेशक आपली विद्या आणि वेळ देतो. त्यालाही संसार आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायातील शोमरोनी आठवावा. त्याने जखमा बांधल्या आणि उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले. अधिक खर्च झाल्यास तोही भरण्याचे वचन दिले. त्या पैशाने त्याची दया उणावली नाही. जखमीकडे मात्र त्याने काहीच मागितले नाही.

नगरजवळ शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचे माउली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावर बेवारस सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळते. ही आपल्या जिल्ह्यातील उतारशाळाच. त्या स्त्रिया खर्च कोठून देणार? त्यासाठी समाजालाच हात पुढे करावा लागतो.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना शासकीय सेवेत मोफत उपचारांचा हक्क दिला. 2022 पासून ‘टेलिमानस’च्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य मदत मिळते. याचा लाभ अवश्य घ्यावा. तरीही खाजगी समुपदेशकाची दर आठवड्याची फी बहुधा खिशातूनच द्यावी लागते, आणि पुष्कळ घरे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच थांबतात.

सणाच्या मांडवासाठी आपण घरोघर वर्गणी काढतो. त्याच धर्मग्रामाने, कोणाचेही नाव उघड न करता, अशा एखाद्या घराचे दोन दीनार का भरू नयेत?