तोतया बेडूक आणि जुने चाहते

‘मपेट्स मोस्ट वॉन्टेड’ (२०१४) हा जिम हेन्सन यांच्या बाहुल्यांचा चित्रपटगृहांसाठी काढलेला आठवा चित्रपट. २०११ च्या ‘द मपेट्स’चा तो सरळ पुढचा भाग आहे. दिग्दर्शक जेम्स बोबिन आणि गाणी रचणारे ब्रेट मॅकेन्झी हे दोघेही तेच. आधीचा चित्रपट ज्या क्षणी संपतो त्याच क्षणी हा सुरू होतो. कॅमेरा अजून चालूच आहे हे लक्षात आल्यावर मंडळी ओळखतात की स्टुडिओला सीक्वेल हवा आहे, आणि लगेच गाणे लागते. सीक्वेल पहिल्याच्या तोडीचा होत नाही, हे त्या गाण्यात बाहुल्याच सांगून मोकळ्या होतात. समीक्षकांचे काम तिथेच अर्धे उरकते. वर डॉ. बन्सन हनीड्यू हा शास्त्रज्ञ हिशेब दुरुस्त करतो: मोजायचेच तर हा सातवा सीक्वेल आहे.

स्वतःचीच टिंगल करण्याची ही रीत जुनी आहे. १९७९ च्या ‘द मपेट मूव्ही’त वाळवंटात अडकलेल्या मंडळींचा पत्ता बँडवाल्यांना लागतो, तो त्यांना आधी वाचायला दिलेल्या पटकथेतून. ‘द मपेट शो’ (१९७६ ते १९८१, १२० भाग) पाहत वाढलेल्या चाहत्याला म्हणूनच २०१४ चे पहिले गाणे घरचे वाटते. २०११ च्या चित्रपटाचा सूर वेगळा होता. त्यात नाट्यगृह मोडकळीला आलेले, मंडळी पांगलेली, जग त्यांना विसरलेले. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येईल अशी सगळी तजवीज होती, आणि ती फळालाही आली. त्यातल्या ‘मॅन ऑर मपेट’ या गाण्याला ऑस्कर मिळाले. पण त्या चित्रपटात बराच वेळ जेसन सीगल आणि एमी अॅडम्स यांच्या नात्याच्या प्रश्नात जातो आणि बाहुल्या स्वतःच्याच श्राद्धाला आल्यासारख्या वागतात. पुढच्या भागात गहिवर कमी आणि बाहुल्यांना काम जास्त. जुन्या चाहत्याने या भागाला झुकते माप दिले तर त्याचे कारण इथे आहे.

कथा तशी साधी. कॉन्स्टंटाइन हा जगातला सर्वांत धोकादायक बेडूक सायबेरियातल्या तुरुंगातून पळतो. दिसायला तो हुबेहूब कर्मिट, म्हणजे मपेट्सच्या नाटक कंपनीचा म्होरक्या बेडूक; फरक फक्त गालावरच्या तिळाचा. बर्लिनमध्ये तो कर्मिटच्या गालावर खोटा तीळ चिकटवतो, आपला तीळ हिरव्या रंगाने झाकतो आणि कंपनीचा प्रमुख होऊन बसतो. कर्मिटची रवानगी सायबेरियात होते. कंपनीचा दौरा बर्लिन, माद्रिद, डब्लिन असा लंडनपर्यंत जातो, रंगमंचावर खेळ चालू असताना चोऱ्या होत राहतात आणि शेवटी डाव असतो इंग्लंडच्या राजमुकुटाच्या जवाहिरावर. लंडन आणि दागिन्यांची चोरी हा मसाला खुद्द हेन्सन यांनी १९८१ च्या ‘द ग्रेट मपेट केपर’मध्ये वापरलेला. तेव्हा नवलाई कथेत शोधण्यात अर्थ नाही. ती आहे तोतयात.

तोतयाची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला तोतया काही काळ चालला, कारण भाऊ परत यावेत असे पुष्कळांना मनापासून वाटत होते. मपेट्सच्या कंपनीत तोतया खपतो त्याचे कारण आणखी खालच्या पातळीवरचे आहे. खरा कर्मिट हा मुळात ‘नाही’ म्हणणारा प्राणी. गोन्झोला सभागृहात बैल सोडायचे असतात, मिस पिगीला एकामागून एक सेलीन डिऑनची गाणी म्हणायची असतात, बँडला न संपणारे वादन हवे असते. खेळ वेळेत संपावा म्हणून कर्मिट या सगळ्यांना कात्री लावतो. कॉन्स्टंटाइनला खेळाशी काही देणेघेणेच नाही, म्हणून तो प्रत्येकाला हवे ते देऊन टाकतो. बोलण्यातला रशियन ठसका लपत नाही, तरी सुरुवातीला कुणी शंका काढत नाही. फक्त ढोल बडवणारा अॅनिमल गुरगुरतो. बाकीचे खूश असतात, कारण प्रयोगांवर गर्दी आहे आणि परीक्षणे उत्तम येत आहेत. ती लाच देऊन लिहून घेतलेली आहेत हे पुढे उघड होते. संपादक नसलेल्या मासिकाचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या प्रसंगांत हसण्यासारखे बरेच सापडेल.

मित्रांनी इतके आंधळे असावे हे काहींना खटकते. चित्रपटाचे खरे धैर्य मात्र तिथेच आहे, कारण बाहुल्यांच्या जगात हा प्रश्न पडद्याबाहेरही खराच आहे. कर्मिटचे डोके म्हणजे मऊ कापडाची पिशवी. आत कळ नाही की कडक साचा नाही, कलाकाराचा हात थेट कापडाला भिडलेला. बोटे वरचा जबडा चालवतात, अंगठा खालचा. मूठ जराशी आवळली की सगळे तोंड आत चुरगळते आणि बेडूक ओशाळलेला दिसतो. दुसऱ्या हाताने बारीक काड्या धरून बाहुलीचे हात हलवायचे. कलाकार स्वतः चौकटीखाली, हात डोक्याच्या वर, नजर मॉनिटरवर. अशा बाहुलीत हात बदलला की चेहऱ्याची घडीच बदलते. १९९० मध्ये हेन्सन गेले आणि कर्मिट स्टीव्ह व्हिटमायर यांच्याकडे आला. पुढे फ्रँक ऑझ यांची मिस पिगी आणि फॉझी हे अस्वल एरिक जेकबसन यांच्याकडे गेले. आपल्याकडे यशवंत पाध्ये यांचे अर्धवटराव हे बोलके बाहुले पुढे त्यांचा मुलगा रामदास पाध्ये यांनी बोलते ठेवले, तिथे निदान हात घरातला होता. २००४ पासून मपेट्सची मालकी डिस्नेकडे आहे, त्यामुळे कुणाचा हात कुठल्या बाहुलीत जायचा हे कंपनी ठरवते. जुना चाहता प्रत्येक नव्या चित्रपटाला जाताना मनात एकच तपासणी घेऊन जातो: आत आहे तो खरा आहे ना? या सीक्वेलने त्याची ती धास्ती उचलून थेट कथानक केली.

चाहत्यालाही चित्रपट सोडत नाही. टीना फे हिने रंगवलेली तुरुंगाधिकारी नाद्या ही कर्मिटची जुनी, लपून राहिलेली चाहती. आपल्या हाती आलेला बेडूक खरा कर्मिट आहे हे तिला पक्के ठाऊक असते. जे सोबत्यांना ओळखता आले नाही ते तिने ओळखले, आणि ओळखूनच त्याला कोंडून ठेवले, कारण तिला कैद्यांच्या वार्षिक कार्यक्रमासाठी तो हवा आहे. आवडते पात्र आपल्या आठवणीतल्या जागेवरून हलू नये असे वाटणाऱ्या कुणालाही हा चिमटा बसावा. कर्मिट मात्र तिथेही कैद्यांच्या तालमी घेत बसतो. त्याच्या पात्राची पारख २०११ च्या सगळ्या गहिवरापेक्षा या तालमींत जास्त आहे.

उणिवा आहेत. रिकी जर्व्हेसचा खलनायक आडनावापासूनच ‘बॅडगाय’, त्यापुढे त्याच्याकडे फारसे काही नाही. नामवंत पाहुणे इतके की कोण आले आणि कोण गेले याचा पत्ता लागत नाही. मागच्या चित्रपटाचा नायक वॉल्टर कडेला ढकलला जातो आणि पियानो वाजवणाऱ्या रोल्फसारख्या जुन्या जाणत्याला जेमतेम काम मिळते. याउलट सॅम ईगल आणि टाय बरेलचा फ्रेंच तपास अधिकारी ही जोडी मोठा बिल्ला कुणाचा एवढ्याशा भांडणावर चित्रपटातला सर्वांत निखळ विनोद उभा करते. त्या दोघांचे चौकशीचे गाणे मॅकेन्झींच्या ऑस्करवाल्या गाण्याहून उजवे म्हणायला हरकत नाही.

प्रेक्षकांनी कौल वेगळा दिला. २०११ च्या चित्रपटाने जगभरात १६ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली होती, या सीक्वेलची सुमारे ८ कोटींवर थांबली. त्यानंतरच्या दहा वर्षांत मपेट्स मालिकांमधून आणि स्ट्रीमिंगवरून दिसत राहिले, चित्रपटगृहात नवा चित्रपट आला नाही. मधल्या काळात व्हिटमायर यांना काढण्यात आले, ते २०१७ मध्ये जाहीर झाले आणि त्यांनी नाराजीही जाहीरपणे मांडली. कर्मिट ज्यांच्या हाती सोपवण्यात आला ते मॅट व्होगेल. २०१४ मध्ये कॉन्स्टंटाइनच्या आत हात होता तो त्यांचाच.