मुख्य गवई की मुकादम?



स्तोत्रसंहिता उघडली की 'मुख्य गवयासाठी' ही सूचना मथळ्यांत वारंवार आढळते. एकंदर ५५ स्तोत्रांवर ती आहे. आपण ती ओलांडून सरळ पहिल्या वचनाकडे वळतो. भाषांतर करणाऱ्याला मात्र तेथे थबकावे लागते, कारण मूळ इब्री शब्दात 'गाणे' मुळीच नाही. त्याचा धातू देखरेख करण्याचा आहे. शलमोनाने मंदिर बांधावयास घेतले तेव्हा ७०,००० ओझेवाले, ८०,००० दगड फोडणारे व त्यांच्यावर ३,६०० देखरेख करणारे नेमले (२ इति. २:१८), त्या ३,६०० जणांसाठी हाच शब्द आहे. साध्या मराठीत मुकादम म्हणा ना!

मुकादम सर्व ओझी स्वतः उचलीत नाही. प्रत्येक खांदा लागला आहे की नाही, हे तो पाहतो. आपल्या पुष्कळ मंदिरांत आज याच्या उलट घडते. ध्वनिक्षेपक एकाच्या हाती, वाद्यांचा आवाज छताला भिडलेला आणि मंडळी हात बांधून ऐकत उभी. बाहेर पडताना गायन छान झाले असे सर्व म्हणतात. पण गायले कोणी? पौल तर गीतांच्या द्वारे एकमेकांशी बोलावयास सांगतो (इफिस. ५:१९).

म्हणून गायन चालविणाऱ्या बंधुभगिनींनो, प्रथम पट्टीचा विचार करा. पट्टी आपल्या गळ्याला शोभणारी नको, मंडळीला पेलणारी हवी. गीताचा सर्वांत उंच स्वर कोठे येतो ते आधी पेटीवर पाहून ठेवा. अंतरा तारसप्तकात फार वर जात असेल, तर पट्टी खाली आणा. नाहीतर मागच्या बाकावरील वृद्ध मंडळी दुसऱ्या कडव्यालाच गप्प होतील. नवे गीत असेल तर उपासनेपूर्वी दोनदा शिकवा, आणि एका रविवारी एकच.

ध्रुपदाचे बळही आपण विसरलो आहोत. स्तोत्र १३६ च्या २६ वचनांत प्रत्येक वचनाचा उत्तरार्ध तोच आहे; ज्याला अक्षरओळख नाही तोही तो म्हणू शकतो. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीसाठी अभंगाचा आश्रय घेतला, त्या भजनपरंपरेतही एकाने म्हणावे व सर्वांनी झेलावे अशीच रीत आहे. महाराष्ट्राबाहेरील ज्या मराठी घरांत मुलांना देवनागरी वाचता येत नाही, तेथील मंडळ्यांना तर ही रीत वरदानच होय. पुस्तक हाती नसले तरी मूल ध्रुपद धरते.

देखरेखीचा तोच शब्द एज्रा ३:८ मध्येही येतो. बंदिवासातून परतलेल्या लेव्यांना मंदिराच्या कामावर नेमले जाते. पाया घातला गेला तेव्हा त्यांनी आळीपाळीने स्तुती गाइली. पण ज्या वृद्धांनी पहिले मंदिर पाहिले होते ते मोठ्याने रडले, आणि हर्षाचा आवाज कोणता व रडण्याचा कोणता, हे लोकांना ओळखता येईना (३:१३). त्या वृद्धांना गप्प करावयास एखादा लेवी पुढे आला, असे तेथे लिहिलेले नाही. येत्या रविवारी तुमच्या मंडळीतही कोणी नुकतेच आपले माणूस मातीआड करून आलेले असेल. सर्वांनी टाळ्या वाजवा, असे पुढून सांगण्यापूर्वी त्या बाकाकडे एकदा पाहा.