मोठे ताट कोणत्या वेळी?

 विषय पोटाचा आहे. वाचक सज्जनांनी प्रथमच नाक मुरडू नये, एवढी विनंती.

गेल्या चैत्रात एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. सातही दिवस दुपारचे प्रवचन आणि दोन कीर्तने अशी सेवा आमच्याकडे होती. तिसऱ्या दिवशी, आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घरची सून हातातली परात तशीच घेऊन ओसरीच्या दाराशी उभी राहिली. म्हणाली, "महाराज, एक विचारू का? मामंजींना साखरेचा त्रास आहे. डॉक्टर म्हणतात, दुपारी पोटभर द्या, रात्री हलकं. सासूबाई म्हणतात, कर्त्या माणसाला रात्री अर्धपोटी निजवू नये. वाढणारी मी. कुणाचं ऐकू?"

ओसरीवर चारसहा माळकरी बसले होते, ते हसले. आम्हीही हसलो आणि म्हणालो, "बाई, पांडुरंग ज्या वेळी देईल ते जेवण मोठं." मंडळींना उत्तर फार आवडले. ती मात्र हसली नाही. परात घेऊन आत गेली.

ते उत्तर गोड होते आणि खोटे होते. तिने विचारले होते वाढण्याविषयी, आम्ही बोललो मिळण्याविषयी. पंडितांची ही जुनी खोड आहे, प्रश्न अडचणीचा असला की त्याला अध्यात्माचे पांघरूण घालायचे. तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला चांगले ठाऊक होते. कसे ठाऊक झाले, ते पुढे येईलच.

आधी शास्त्र पाहू. आपल्या जुन्या ग्रंथांत गृहस्थाला दिवसाची दोन जेवणे सांगितली आहेत, एक दिवसाचे व एक रात्रीचे; मध्ये खाऊ नये. यातले दिवसाचे जेवण म्हणजे पहाटेचे नव्हे. दक्षस्मृतीने दिवसाचे आठ भाग पाडले आहेत. पहिल्यात स्नानसंध्या, दुसऱ्यात वेदाभ्यास, असे करीत पाचव्या भागात भोजन येते. सूर्य सहाला उगवून सहाला मावळतो असे धरले तर पाचवा भाग बाराला लागतो आणि दीडला संपतो. हे झाले गणित. पण पाचव्या भागाचे पहिले काम जेवणे नाहीच. ते आहे संविभाग, म्हणजे वाटणी. देव, पितर, माणसे, इतकेच नव्हे तर किडामुंगीचासुद्धा भाग आधी काढायचा. मग जे राहील ते गृहस्थाने खायचे. आता विचार करा, दारी याचक येतो, वाटसरू येतो, तो उजेडी येतो की मध्यरात्री? मोठा स्वयंपाक दुपारी, कारण वाटायला माणसे दुपारी भेटतात. घरचे मोठे जेवण आणि दारचे अन्नदान एकाच चुलीवर, एकाच वेळी होत असे.

पंढरीत पाहा. देवाचा महानैवेद्य दिवसाउजेडी, सकाळची नित्यपूजा झाल्यावर होतो. मग पोशाख, मग धुपारती, आणि शेवटी शेजारती. निजतेवेळी देवापुढे पंचपक्वान्नांचे ताट कोणी मांडीत नाही. आणि ज्या काल्यावाचून आपला सप्ताह पुरा होत नाही, तो काला कधीचा? दशमस्कंधाच्या तेराव्या अध्यायात भगवान गोपाळांना म्हणतात की दिवस वर चढला, भुकेने जीव कासावीस झाला, तर इथेच जेवू. पण आधी वासरांना पाणी पाजू, ती जवळपास चरत राहोत. वर्षानुवर्षे आम्ही या प्रसंगावर बोलत आलो आणि त्यातली वेळ आमच्या ध्यानात आली नाही. यमुनेचे वाळवंट, डोक्यावर सूर्य, आधी वासरांचे पाणी, मग आपल्या शिदोऱ्या एकमेकांत मिसळणे. म्हणूनच काल्याचे कीर्तन सकाळी उभे राहते आणि महाप्रसादाची पंगत दुपारी बसते. त्या पंगतीला कोणी हात आखडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वैद्यकाचेही तेच. वाग्भटाने दिवसाच्या आरंभी कफ, मध्ये पित्त आणि शेवटी वात प्रबळ सांगितला आहे. पित्त म्हणजे अग्नी. सूर्य माथ्यावर तेव्हा पोटातला अग्नीही माथ्यावर. आमचे एक शास्त्री स्नेही मोठे विनोदी. ते म्हणाले, "अहो, वाग्भटाने रात्रीचेही तसेच तीन भाग केले आहेत. म्हणजे मध्यरात्रीही पित्तच. तेव्हा कीर्तनानंतर बारा वाजता जेवणारे तुम्ही कीर्तनकार शास्त्राला धरूनच आहात!" आम्ही म्हणालो, "शास्त्रीबुवा, तो अग्नी दिवेलागणीला खाल्लेले पचवण्यासाठी आहे. पेटत्या चुलीवर भात शिजत असताना वर आणखी तांदूळ ओतले तर काय होते, ते घरात विचारा." किती खावे याचेही मान त्याच ग्रंथात आहे. पोटाचे चार भाग करावे, दोन अन्नाने भरावे, एक पाण्याने, एक वाऱ्याला मोकळा ठेवावा. मोठे जेवणसुद्धा या दोन भागांतलेच. आपस्तंबाने संन्याशाला 8 घास, वानप्रस्थाला 16, गृहस्थाला 32 सांगितले आणि ब्रह्मचाऱ्याला मोकळे सोडले. वाढत्या अंगाच्या पोराचे घास मोजू नयेत, हे त्या ऋषीला कळले होते.

आजचे डॉक्टर दुसऱ्या वाटेने तिथेच आले आहेत. 2017 साली हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्राण्याच्या पेशीपेशीत दिवसरात्रीचे घड्याळ कसे चालते, ते त्यांनी फळांवर घोंघावणाऱ्या एवढ्याशा माशीत शोधून काढले. तसेच घड्याळ आपल्या अंगात आहे. एकच ताट सकाळी किंवा दुपारी खाल्ले तर रक्तातली साखर जितकी चढते, त्याहून तेच ताट रात्री खाल्ले तर अधिक चढते आणि उतरायलाही वेळ घेते, कारण साखर जिरवणारे इन्सुलिन रात्री तितके नेटाने काम करीत नाही. म्हणजे सुनेला डॉक्टरांनी सांगितले ते बरोबरच होते.

कोणी म्हणेल, महाराज, हे देवळात बसणाऱ्यांना ठीक. जो सातला कामावर जातो आणि डबा एक वाजता गार खातो, ज्याला गरम भाकरी आणि लेकरांचे तोंड रात्री नऊलाच दिसते, त्याने काय करावे? त्याला आम्ही दोष देत नाही. त्याने रात्रीचे सुख सोडू नये. जेवण दिवेलागणीकडे जितके ओढता येईल तितके ओढावे आणि डब्यात एक भाकरी जास्त न्यावी. जैन बांधव सूर्यास्तापूर्वी जेवतात, त्यांच्यातही नोकरीधंदा करणारे आहेतच. शेतकऱ्याची गोष्ट निराळी, त्याची बांधावरची न्याहारी हेच अर्धे जेवण असते. नांगरापुढे चालणाऱ्याला आम्ही काय शिकवावे!

आता आमची कथा.

पखवाजाला आमच्याबरोबर 22 वर्षे एकच माऊली आहेत. हात असा, की बोल कानात न पडता छातीत पडावा. रात्रीचे कीर्तन नऊला उभे राहते, अकराला आरती होते, मग यजमानांच्या घरी पाने मांडली जातात. यजमानांनी दिवसभर खपून केलेले असते. बासुंदी असते, जिलबी असते, मसालेभात असतो. आग्रह तर विचारू नका. पखवाजी म्हणायचे, "महाराज, मला रात्रीचं बंद केलंय डॉक्टरांनी." आणि आम्ही, काशीच्या वळणाच्या पाठशाळेत वाढलेले आम्ही, भर पंगतीत म्हणायचो, "माऊली, अन्नाला नाही म्हणू नये असे उपनिषद सांगते. वाढा हो त्यांना!" मंडळी हसत, वाढणारा वाढी, आणि ते बिचारे आमचा शब्द मोडायचा नाही म्हणून खात.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या पायाला जखम झाली, ती भरेना. दोन बोटे काढावी लागली. मधुमेह एका बासुंदीने होत नाही, आणि तसे त्यांना कोणी म्हटलेही नाही. पण दवाखान्यात आम्ही त्यांच्या उशाशी बसलो होतो तेव्हा ते हसून म्हणाले, "महाराज, वाजवायला हात लागतात, पाय नाहीत." आम्हांला उत्तर सुचले नाही. इतकी वर्षे बोलून पोट भरले आणि त्या दिवशी एक शब्द फुटेना.

घरी येऊन तैत्तिरीय उपनिषद काढले. भृगुवल्लीत अन्नाची निंदा करू नये, ते अव्हेरू नये, पुष्कळ पिकवावे, आणि आश्रयाला आलेल्याला परत लावू नये, अशी व्रते आहेत. सगळी व्रते स्वतः पाळायची. दुसऱ्याच्या पानात बळेच वाढ, असे त्यात कुठे आहे? मग मनुस्मृतीचा तिसरा अध्याय पाहिला. नवी सून, कुमारी, रोगी आणि गर्भिणी यांना अतिथीच्याही आधी, मनात किंतु न आणता जेवू घालावे, असे तिथे सांगितले आहे. यजमान नवराबायको सर्वांच्या शेवटी. रोगी अतिथीच्याही आधी! म्हणजे आमच्या पखवाजींचे पान संध्याकाळीच मांडायला हवे होते, कीर्तनकाराच्या पानाआधी. आम्ही त्यांना मध्यरात्रीपर्यंत ताटकळवले आणि वर उपनिषद ऐकवले. आणि नव्या सुनेचे म्हणाल, तर ती आपल्याकडे दुपारी तीनला आणि रात्री अकराला जेवते, सगळ्यांचे झाल्यावर, भांड्याच्या तळाशी उरलेले. मनूची दुहाई देणाऱ्या घरांतसुद्धा.

तेव्हापासून नियम केला. मोठे जेवण दुपारी. संध्याकाळी साडेसहाच्या आत अर्धी भाकरी आणि मुगाचे वरण. कीर्तनानंतर कपभर दूध. आमच्याबरोबरच्या मंडळींनाही तेच. यजमान रुसतात, एका ठिकाणी तर पुन्हा बोलावणे आले नाही. चालायचेच.

नियमाची खरी परीक्षा निराळ्या ठिकाणी झाली. कोरडवाहू दोन एकरांवर एकटी राहणारी एक म्हातारी. तिला कोणी सांगितले नव्हते. कीर्तन संपले तेव्हा तिने पुरणाच्या पोळ्या करून ठेवल्या होत्या, चुलीपुढे बसून डोळे लाल झालेले. आम्ही म्हणालो, "आजी, रात्री आम्ही जेवत नाही." तिचा चेहरा असा उतरला की आमचा नियम आम्हांलाच टोचला. मग एक घास तुपाशी लावून घेतला आणि म्हणालो, "हा प्रसाद झाला. बाकीचं फडक्यात बांधून द्या, उद्या दुपारची शिदोरी होईल." तिने आठ पोळ्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी वाटेत लिंबाखाली आम्ही, पखवाजी, दोन टाळकरी आणि गाडीचा चालक असे बसलो आणि त्या पोळ्या वाटून घेतल्या. पखवाजींनी अर्धी खाल्ली. एक टाळकरी नुकतीच गीता पाठ करीत होते, ते म्हणाले, "महाराज, सतराव्या अध्यायात प्रहर उलटलेलं अन्न तामस म्हटलंय ना?" आम्ही म्हणालो, "तो शब्द यातयाम. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ अर्धकच्चे असा केला आहे. आजींची पोळी चांगली भाजलेली आहे. खा मुकाट्याने."

एकादशीचे दोन शब्द सांगतो. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण आपल्यावरच रचलेली आहे. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते तो मोठा टप्पा, दिवेघाटाची चढण, आणि पुष्कळ वर्षी त्याच दिवशी एकादशी. तिथे थोडक्या फराळावर घाट चढणारे म्हातारे वारकरी आम्ही पाहिले आहेत. पण साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून उपास करू नये. औषध पोटात आणि अन्न नाही, अशाने माणूस रस्त्यातच कोसळतो. तसेच बारस सोडताना आदल्या दिवसाची वसुली करू नये. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही असे भगवान सांगतात, आणि ज्ञानोबारायांनी शके 1212 मध्ये ते मराठीत घराघरांत नेले.

तर चौथ्या दिवशी सकाळी आम्ही त्या सुनेला बोलावले, कालच्या उत्तराची क्षमा मागितली आणि हे सगळे थोडक्यात सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "महाराज, हे मला नका सांगू. सासूबाईंना सांगा."

सांगितले. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे रात्री त्यांना वाढू काय?" आम्ही म्हणालो, "अर्धी भाकरी, मुगाचं वरण. दिवेलागणीच्या आत." "आणि तुम्हांला?" "आम्हांलाही तेच."

त्या दिवशी साडेसहाला ओसरीवर तीन पाट मांडले होते, घरधन्यांचा, पखवाजींचा आणि आमचा. प्रत्येक ताटात अर्धी भाकरी आणि वाटीभर वरण. सून वाढत होती. सासूबाई खांबाला टेकून उभ्या होत्या, आम्ही आणखी मागतो का ते पाहत.