पांसुकूल आणि बाटल्यांचा ड्रॅगन

व्हिएतनामच्या पठारावरील दालात शहर गाइडसोबत एका दिवसात पाहणाऱ्याला दोन बौद्ध स्थळे बहुधा दाखवली जातात: त्राय मात येथील लिन्ह फुओक पॅगोडा आणि तुयेन लाम तळ्याजवळच्या टेकडीवरचा त्रुक लाम मठ. समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर फ्रेंचांनी वसवलेल्या या थंड हवेच्या गावात, या दोन थांब्यांमुळे एक जुना धार्मिक प्रश्न पुढे येतो. माणसाने टाकून दिलेल्या वस्तूला पावित्र्य येऊ शकते का?

लिन्ह फुओकचे बांधकाम १९४९ ते १९५२ या काळातले. त्याचे खांब, जिने आणि कमानी चिनी मातीच्या खापऱ्यांनी व काचेच्या तुकड्यांनी मढवलेल्या आहेत. अंगणात ४९ मीटर लांबीचा ड्रॅगन आहे. त्याच्या अंगाला बियरच्या सुमारे १२,००० बाटल्या लागल्या. लोक या पॅगोड्याला ‘चुआ वे चाय’ म्हणतात. ‘वे चाय’ म्हणजे भंगारात जाणाऱ्या बाटल्या. खापऱ्या जडवण्याची ही कला व्हिएतनामला नवी नव्हे. ह्वे येथे १९३१ साली पूर्ण झालेल्या खाय दिन्ह बादशहाच्या समाधीत ती राजवैभव मिरवते, लिन्ह फुओकमध्ये ती उपासनेला जुंपली आहे.

मराठी वाचकाला यात दोन गोष्टी खटकू शकतात. एक, खंडित मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत, तिचे विसर्जन करतात. दुसरी, बाटल्या मद्याच्या आहेत आणि पंचशीलातले पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे. दुसरी शंका लवकर मिटते: शील माणसाच्या आचरणाला लागू होते, काचेला नाही. पहिली मात्र सहज सुटत नाही, कारण अखंड तेच पूज्य ही धारणा फार खोलवर रुजलेली आहे.

बौद्ध परंपरेत या धारणेला उत्तर आहे आणि ते भिक्षूच्या अंगावरच असते. उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचायच्या, धुवायच्या, रंगवायच्या आणि त्यांचे चीवर शिवायचे. याला पांसुकूल म्हणतात. उपासकाने नवे कापड दान केले तरी ते आधी कापून तुकडे करायचे आणि मगधातल्या भातखाचरांच्या बांधांसारखे जोडून शिवायचे, असा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम आहे. कापलेल्या कापडाला बाजारात मोल उरत नाही, चोरालाही त्याचा मोह होत नाही. म्हणजे वस्तू तुटल्याने तिचे पावित्र्य जात नाही. उलट तिच्याभोवतीची मालकी आणि हाव गळून पडते. चीवरामागचा हा विचार विलक्षण धीट आहे. लिन्ह फुओकच्या खापऱ्यांचे समर्थन करायचे तर ते इथूनच करावे लागेल.

तरीही हे समर्थन पुरते लागू पडत नाही. पांसुकूलाचा हेतू डोळ्याला न भुलवण्याचा होता. पॅगोड्यातली काच उन्हात झळकते आणि प्रवासी तिच्यासमोर छायाचित्रासाठी उभे राहतात. टाकाऊ वस्तूचा उद्धार झाला, पण ती पुन्हा आकर्षणाची वस्तू झाली. मनोऱ्यातल्या साडेआठ टनांच्या घंटेवर लोक आपल्या इच्छा कागदावर लिहून चिकटवतात. मागणेही सुटलेले नाही. यात दोष काढण्याचे कारण नाही. सामान्य भक्ताला डोळ्यांचा आणि मागण्याचा आधार लागतोच, पंढरीच्या वाटेवरही तो लागतो. मात्र चीवराची शिकवण आणि ही झळाळी एकच आहेत, असे म्हणता येणार नाही.

त्रुक लाम मठ १९९३-९४ मध्ये उभा राहिला. या नावाचा अर्थ वेळूवन. तिथे खापऱ्या नाहीत, रंगांची गर्दी नाही. मुख्य दालनात हाती कमळ धरलेला शाक्यमुनी आहे. झेन परंपरेतल्या कथेनुसार बुद्धाने काही न बोलता फूल उचलून दाखवले आणि शिष्यांपैकी एकट्या महाकाश्यपाला हसू आले. हा महाकाश्यप धूतांग नावाची कठोर व्रते पाळणाऱ्यांत अग्रणी मानला जातो, आणि तेरा धूतांगांतले पहिले व्रत पांसुकूल धारण करण्याचे आहे. हा मठ ज्या त्रुक लाम पंथाचा आहे, त्याचा संस्थापक त्रान न्यान तोंग हा मंगोल स्वाऱ्या परतवणारा राजा. १२९३ मध्ये सिंहासन सोडून पुढे तो येन तू पर्वतावर भिक्षू झाला. भिक्षू म्हणून त्याने घेतलेल्या नावात ‘दाऊ दा’ हे शब्द आहेत. ते ‘धूत’ याच शब्दाचे व्हिएतनामी रूप आहे.