नापसंतीचा मान

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय होतं. तिथे दर महिन्याला एका पुस्तकावर चर्चा व्हायची. एकदा पाळी आली ‘कोसला’ची. १९६३ सालची गाजलेली कादंबरी; लेखक भालचंद्र नेमाडे याच मुलखातले, सांगवीचे, ज्ञानपीठ मिळालेले. त्यामुळे जो उठे तो वाहवाच करी.

शेवटी बी.ए.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी उठली. म्हणाली, “मला नाही आवडली. एवढं नाव ऐकून मोठ्या आशेने घरी नेली होती. नायक पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, तिथे मला रडू आवरेना. पण होस्टेल, मेस, रिकामी भटकंती, हे संपता संपेना. आणि पुण्यातल्या त्याच्या त्या जगात माझ्यासारखी मुलगी मनातलं बोलताना मला कुठे भेटलीच नाही.”

निवृत्त गुरुजी म्हणाले, “अगं, जाणकारांनी वाखाणलेलं पुस्तक आहे. मोठी झालीस की कळेल.” मुलगी ओशाळून खाली बसली.

तेव्हा ग्रंथपालांनी वाचनालयाची प्रत गुरुजींच्या हाती दिली. मागच्या चिठ्ठीवर तारखांच्या शिक्क्यांची दाटी होती. पण सुरुवातीची पन्नासेक पानं तेवढी बोटं लागून काळपट झालेली, पुढची जवळजवळ कोरी.

“गुरुजी, घरी नेणारे पुष्कळ, पुढे जाणारे थोडे. ही पोर शेवटापर्यंत गेली. कुठे जीव गुंतला, कुठे उबगला, हे तिला सांगता येतंय. पांडुरंग सांगवीकर तरी कोण? सगळे म्हणतात म्हणून ‘हो’ न म्हणणारा पोरगा. त्याचीच गोष्ट न वाचता आपण माना डोलवायच्या?”

सभेत चुळबुळ झाली. एक दुकानदार म्हणाला, “खरं सांगतो, मी मधेच सोडली होती.” मग पुण्यात शिकून आलेला एक तरुण मुलीकडे वळला. “घरून आलेल्या पैशांत महिना काढणं मी भोगलंय. तुला कंटाळा आला ना, तीच पानं मला माझी वाटली.”

“तुमचं पटतं,” मुलगी म्हणाली, “पण माझी तक्रार राहतेच.”

“राहू दे,” गुरुजी खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “मुलींचं बोलणं कुठे यायला हवं होतं असं तुला वाटतं, ते मात्र नीट सांग.”

वाचनालय बंद व्हायची वेळ टळून गेली तरी कोणी उठेना. मुलीचं मत बदललं नाही. पण जाताना दुकानदाराने ती प्रत पुन्हा आपल्या नावावर लिहून घेतली.

तात्पर्य : थोर पुस्तकाचा मान स्तुतीने राहत नाही, वाचण्याने राहतो. न वाचता वाखाणणाऱ्या दहा जणांपेक्षा, वाचून ‘मला नाही आवडलं, आणि का ते हे’ असं प्रांजळपणे सांगणारा एक वाचक त्या पुस्तकाला अधिक जवळचा.