लाकूड मुकं आहे

गोष्ट मनातली, गाव मात्र खरं. मुंबईहून गलबतानं पनवेलच्या बंदरात उतरायचं आणि बोरघाट चढून पुण्याला जायचं, अशी तेव्हाची वाट होती. 1830 साली घाटात गाडीरस्ता झाला आणि पनवेलच्या सुतारांना उसंत उरली नाही. देशावरून आलेला गाडीवान परतताना इथली चाकांची जोडी घेऊन जाई, इतकी ती नावाजलेली.

तिथल्या सुतारआळीत दोघे चुलतभाऊ शेजारी-शेजारी चाकं करीत. तुंबा, आरे, पुठ्ठे, वर तापवून चढवलेली लोखंडी धाव. हात दोघांचा सारखाच. फरक पडे तो पावसाळ्यात. गाड्यांची ये-जा मंदावे, मागणी आटे. थोरला वाकस-पटाशीला धार लावी आणि पडवीत पाऊस बघत बसे. धाकट्यानं एका आषाढात भजनी मंडळासाठी पखवाजाचं खोड कोरायला घेतलं.

पहिलं चिरलं. दुसऱ्याला पुडी चढली, पण पखवाजी बुवांनी एक थाप मारली आणि ते बाजूला सारलं. "लाकूड मुकं आहे, बाबा. पटाशी लावण्याआधी ठोकून ऐकायचं असतं."

मग धाकटा आळीतला दिसेल तो ओंडका बोटांच्या पेरांनी ठोकत सुटला. पोरं मागून हसत. तिसऱ्या पावसाळ्यात खोड जमलं. बिदागी काय, तर एक नारळ.

"नारळावर संसार होतो का रे?" थोरला म्हणाला. "सुतारानं चाकं करावीत."

(असा थोरला प्रत्येक पिढीत असतो. वसंत सरवटे एसीसी या सिमेंट कंपनीत इंजिनीअर होते आणि ती नोकरी सांभाळून व्यंगचित्रं काढत, पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांतलीही. 'तुम्ही आपले खांब-तुळया बघा' असं त्यांना कुणीच म्हणालं नसेल, हे मला खरं वाटत नाही.)

दसरा झाला. एका गाडीवानाला घाटातल्या ओझ्यासाठी दणकट जोडी हवी होती. थोरल्यानं बाभळीचे दोन तुंबे काढून ठेवले होते. दिसायला नितळ, कुठे गाठ नाही. धाकट्यानं सवयीनं दोन्ही ठोकले. दुसऱ्यापाशी थांबला. पुन्हा ठोकला.

"दादा, हा घेऊ नकोस. आतून फुटलाय."

"चाक काय भजनात वाजवायचंय?"

गाडीवान मात्र हसला नाही. भरल्या गाडीचा तुंबा उतारावर फुटला तर काय होतं, हे त्यानं पाहिलं होतं. "चिरून बघा," तो म्हणाला, "लाकडाचे पैसे मी देतो."

करवत मध्यावर आली तशी गाभ्यातली उभी भेग उघडी पडली.

जन्मभर चाकं करून जे दोघांनाही कळलं नसतं, ते पखवाजापाशी घालवलेल्या तीन पावसाळ्यांनी एकाला कळलं होतं. थोरला काही बोलला नाही. त्यानं दुसरा तुंबा काढला आणि हत्यार लावण्याआधी धाकट्यापुढे ठेवला.

पुढच्या आषाढात थोरल्याच्या पडवीत आंब्याचा भलामोठा ओंडका आला. धाकटा लगबगीनं गेला. "पखवाज का, दादा? कोरायचा कसा ते दाखवू?"

"तुझा पखवाज तुझ्यापाशी," थोरला वाकस परजत म्हणाला. "मी होडी करतोय. तिला एकही चाक लागत नाही."